दुखणं वेळेवर येईना

माझी पाठ कशी गेली, याच्या तीन हकिगती आमच्या सोसायटीत फिरतात. तिन्ही मीच सोडलेल्या आहेत. पहिलीत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात साखळी तुटून पंप खाली येतो आणि मी तो खांद्यावर झेलतो. दुसरीत कोपर स्टेशनबाहेर एका अडलेल्या बाईची रिक्षा खड्ड्यात रुतते आणि मी ती उचलून बाहेर ठेवतो. बाईसकट, रिक्षावाल्यासकट आणि शेजारी बसलेल्या तिच्या सासूसकट. तिसरी बायकामाणसांत सांगण्यासारखी नाही. खरं काय ते फक्त आमच्या हिला ठाऊक आहे. पलंगाखाली गेलेला मोजा काढायला मी वाकलो आणि तसाच राहिलो.

आयुष्यभर कारखान्यांना पंप विकले. पंप विकणारा माणूस खरं बोलू लागला तर डोंबिवलीत पाणी चढायचं नाही. त्यामुळे थोडं वाढवून सांगणं हा माझा धंदाही होता आणि विरंगुळाही. सोसायटीच्या गेटजवळच्या बाकड्यावर माझी बैठक असते. तिथले म्हातारे मला समोर 'काका' म्हणतात आणि मागे 'थापाड्या'. ऑपरेशन झालं तेव्हा या लोकांनी शहाळी आणली, पण शहाळं हातात देण्याआधी टाके दाखवा म्हणाले. शर्ट वर करून दाखवले, तेव्हा एकजण चष्मा सावरत म्हणाला, "टाके खरे दिसतायत. पण याचा भरवसा नाही, स्वतःच शिवून घेतले असतील."

ऑपरेशन कल्याणला झालं. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती, ती काढली. शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ गायब होती. मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं की मी ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना सूचना देत होतो. ते सुख श्रावण सरेपर्यंत टिकलं. मग दुखणं परत आलं, पण वेश बदलून. आधी ओढ लागायची, आता जळायला लागलं. डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगानं खाली, पावलाच्या वरून थेट अंगठ्यापर्यंत, कुणीतरी उकळतं तेल ओतत न्यावं आणि मध्येच त्यात मोहरी टाकावी, तसं. पॅन्टचं कापड लागलं तरी फोडणी. पंख्याचा वारा लागला तरी फोडणी. मी घरात डाव्या पायाचा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून हिंडू लागलो. बाकड्यावर त्याचंही नाव पडलं, 'अर्धा कोळी'.

सर्जननी पुन्हा फोटो काढले. ऑपरेशन उत्तम झालंय, म्हणाले. मग दुखतं का? त्यांनी फोटो पुन्हा उजेडासमोर धरला.

"दोन शक्यता आहेत. एक तर तिथं व्रण धरलाय, मणका थोडा हलतोय. पुन्हा उघडू, स्क्रू घालू. नाहीतर नसच दुखावलीय, तसं असेल तर उघडून उपयोग नाही, उलट बिघडेल. ठाण्याला एक पेन स्पेशालिस्ट आहेत, जुनी दुखणी बघणाऱ्या. त्यांना दाखवा. त्या म्हणाल्या नसेचं आहे, तर मी हात लावत नाही. नाही म्हणाल्या, तर पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा. तारीख धरून ठेवतो."

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर दुसऱ्यांदा उघडलेला एक गृहस्थ होता. माझ्याच वयाचा. गोरापान, तब्येतीनं पैलवान. वॉकर धरून बाथरूमला जायचा तेव्हा त्याचं एक पाऊल फरशीवर घासत मागून यायचं, ओल्या फडक्यासारखं. तो आवाज मी विसरलो नव्हतो. त्या गृहस्थाबद्दल मी बाकड्यावर कधीही काहीही सांगितलेलं नाही. त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणजे सगळं त्या ठाण्याच्या बाईंच्या एका शब्दावर आलं.

जाण्याच्या दिवशी सकाळी आमच्या हिनं मला दारातच अडवलं. "एक वचन द्या. आज एकही थाप नको."

"अगं, मी कधी थापा—"

"अहो, तुम्ही मागच्या वेळी कल्याणच्या डॉक्टरांना सांगितलंत की पायातून ठिणग्या पडतात आणि पडद्याला भोक पडलं. तेव्हापासून ते तुमच्याकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघून बोलतात. आज विचारतील तेवढंच आणि खरं तेवढंच."

वचन दिलं. आंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आमच्याकडे डॉक्टरांकडे जायचं म्हणजे लग्नाला गेल्यासारखं जायचं. आई म्हणायची, डॉक्टरला वाटलं पाहिजे चांगल्या घरातला माणूस मरतोय. पॅन्ट घालायची तर पायाला कापड लागणार, आणि पुढे माणकोलीचा पूल, बायपासचे खड्डे, घोडबंदर रोड. म्हणून मी दुखण्याची गोळी घेतली. नुसती गोळी नाही, ती अगदीच असह्य झालं तर घ्यायची म्हणून दिलेली मोठी. हिला सांगितलं नाही. मला वाटलं, थाप मारायची नाही एवढंच ठरलंय, गोळीचं कुठे काय ठरलंय?

घोडबंदर रोडवर गाड्या अशा तुंबलेल्या की आमच्या पुढच्या गाडीतल्या पोराला आमच्यासमोर मिसरूड फुटली. पण पाय शांत. मी कौतुकानं त्याच्याकडे बघत होतो. बसलेल्या मांजरासारखा गप होता.

पेन स्पेशालिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं नेमकं. भिंतीवर तोंडांची रांग काढलेला तक्ता होता, पहिलं तोंड हसणारं, शेवटचं रडणारं.

"काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकता तेवढं. आत्ता किती?"

माझ्या कल्पनेचा विचार केला असता तर त्यांना तक्ता खाडीपर्यंत वाढवावा लागला असता. पण शेजारी ही बसलेली. खरं तेवढंच.

"तीन," मी म्हणालो. "फार तर साडेतीन."

हिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला असा साधा आकडा माझ्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू आला होता.

बाईंनी मला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि पायावर कापूस फिरवला. काहीतरी हलकं सरकल्यासारखं वाटलं, एवढंच. टोकदार काहीतरी टेकवलं. ठीक. थंड काहीतरी लावलं. गार. दुसऱ्या पायाला लावलं. तेही गार.

"सर्जननी लिहिलंय, कापड लागलं तरी सहन होत नाही," त्या म्हणाल्या. "इथं तर काहीच नाही." मग पेन ठेवला. "काका, निघताना काही औषध घेतलंत?"

मी छताकडे बघितलं.

"अहो!" ही म्हणाली. "ती मोठी गोळी घेतलीत?"

"रस्ता खराब होता."

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "म्हणजे मला दाखवायला आणलेली गोष्ट तुम्ही घरी ठेवून आलात. मी काय तपासू? आता दुपारची गोळी घेऊ नका. बाहेर बसा. तिचा असर उतरला की बोलवा. पण पाचला मी निघते, आणि उद्यापासून मी बाहेरगावी आहे. तुमच्या डॉक्टरांना आज उत्तर द्यायचंय मला."

आम्ही बाहेर येऊन बसलो.

आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा दुखण्याची वाट बघू लागलो.

काय सांगू! जे दुखणं पूजेला बसलो तरी यायचं, लग्नात जेवायला बसलो तरी यायचं, ज्यानं महिन्यांमागून महिने कधी रजा म्हणून घेतली नाही, ते त्या दिवशी येईना. मी त्याला बोलवायला सगळं केलं. पायात मोजा चढवला. मोजा काढला. पाऊल दारातल्या पायपुसण्यावर घासलं. जिना चढलो, उतरलो. स्टीलच्या खुर्चीवर मुद्दाम तिरका बसलो, ज्या बसण्याला मला फिजिओथेरपीवाल्यानं हात जोडून मनाई केली होती. काही नाही. पाय दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मजेत. बाहेर तीन वाजले, चहावाला येऊन गेला.

शेजारच्या खुर्चीवर तिथल्याच जुन्या गावातल्या एक आजी होत्या, नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण. नागीण होऊन गेली होती, तिची आग बरगडीत मागे राहिली होती. त्यांनी माझ्या येरझारा बघितल्या, मग हिला विचारलं.

"काय गो बाय, काय झालाय याला?"

"दुखत नाहीये त्यांना," ही म्हणाली.

आजींनी पदर तोंडाला लावला. "दुखत नाय म्हणून तोंड पाडणारा माणूस पयल्यांदा बघते बाय मी. जरा माझा घेऊन जा म्हणा."

एरवी मी आजींना सोडलं नसतं. त्यांच्या बरगडीची आणि माझ्या पायाची सोयरीक जुळवून दिली असती. पण घड्याळ पुढे जात होतं. मला ते ओल्या फडक्यासारखं पाऊल दिसत होतं. पाच वाजता या बाई लिहिणार, नसेची लक्षणं नाहीत. मग कल्याण, निळा झगा, ती ढकलगाडी, आणि पुन्हा पाठ उघडणार. आणि ही बाहेरच्या बाकावर एकटी. मागच्या वेळी तिनं डबा मांडीवर धरून ठेवला होता, उघडलाच नव्हता. मी बाहेर आलो तेव्हा त्यातली पोळी कडक झाली होती, तरी ती अजून डबा धरूनच होती.

तेव्हा माझ्या मनात तो विचार आला. तुम्हाला तो आधीच आला असेल.

अरे, आपण कोण? कोरडा पंप पाण्यानं भरून दाखवणारा माणूस. दुखतं कसं हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत आहे? कुठे हात लावला की ओरडायचं, कुठे नाही, सगळं पाठ. खोटं थोडंच आहे? दुखणं खरंच आहे, फक्त आज ते हजर नाही. त्याच्या वतीनं आपण सही करायची.

हिला म्हटलं, "आलं."

"आलं?" तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "नक्की?"

"आता काय पावती दाखवू?"

आत गेलो, आडवा झालो. बाई म्हणाल्या, डोळे मिटा. मिटले. कपाटाचं दार वाजलं, पावलं जवळ आली. मी तयारीत होतो. पायाशी कापडाची सळसळ झाली आणि मी अशी किंकाळी फोडली की गायमुखच्या घाटात ट्रक थांबले असतील. "आई गं! मेलो! आग, आग!"

पावलं जागीच थांबली.

"काका," बाई म्हणाल्या, "मी फक्त ॲप्रनची बाही वर केली. कापूस अजून डबीत आहे."

डोळे उघडायची माझी हिंमत झाली नाही. हिचा श्वास ऐकू येत होता. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"हे बघा, मला माणसाच्या शब्दावरच काम करावं लागतं. दुखणं फोटोत दिसत नाही. आता तुम्ही मला ते कामही अवघड करून ठेवलंत. बाहेर बसा. माझे दोन पेशंट आहेत. नंतर मी जे बघितलं तेच लिहीन."

जे बघितलं ते. म्हणजे काहीच नाही.

बाहेर आलो. ही माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली. छत्तीस गुण जुळले होते आमचे, एकही खुर्ची आजवर मध्ये आली नव्हती. "सकाळी वचन घेतलं होतं," ती समोर बघत म्हणाली. बस, एवढंच. आजी आत गेल्या, बाहेर आल्या. जाताना माझ्या गुडघ्यापाशी थांबून म्हणाल्या, "मिलाली का रे तुझी हरवलेली कल?" मी हसलो नाही.

कारण तेव्हा ती मिळाली होती.

ती कशी आली, हे मला धड सांगता येत नाही. वरच्या एसीचा झोत थेट पावलावर येत होता. आधी अंगठा गरम झाला. मग मोहरी. मग मला त्या खोलीतलं बाकी काही नीट दिसेना. मी खुर्चीची कड धरली. पाय हलवायचा नाही, हलवला तर वाढतं. बोलायचं नाही. हिला हाक मारावी असं वाटत होतं, पण हाक मारायला पोटातून हवा लागते आणि पोट आवळलेलं होतं. शिवाय काय म्हणणार? 'आलं' हा शब्द मी मघाशीच खर्चून बसलो होतो.

समोर टीव्हीवर कुणीतरी पंपाची जाहिरात करत होतं. शेतातल्या विहिरीतून धबधबा उडत होता, त्याखाली अख्खं कुटुंब नाचत होतं. असली जाहिरात लागली की मी घरात गप्प बसत नाही. त्या पंपाला एवढं पाणी फेकायला जन्मभर जमणार नाही, हे मी आमच्या हिला दर वेळी समजावून सांगतो, आकड्यांसकट, दर वेळी वाढत्या आकड्यांसकट. जाहिरात लागली. जाहिरात संपली.

हिनं मान वळवली.

आधी तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खुर्चीवरच्या माझ्या बोटांकडे. ती उठली. डॉक्टरांच्या दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं लिहिलेलं होतं. तिनं दार ढकललं. आमची ही, जी बँकेतसुद्धा शिपायाला विचारून बाकावर बसते.

दार उघडंच राहिल्यामुळे मला ऐकू आलं.

"डॉक्टर, आता बघा त्यांना. आत्ता."

"काकू, पेशंट आहेत आत. काय झालं? ओरडतायत का?"

"नाही. गप्प बसलेत."

"गप्प बसलेत म्हणजे?"

"ते ओरडतात तेव्हा काही नसतं हो डॉक्टर. ते बोलत असतात तेव्हा बरे असतात. मी लग्न झाल्यापासून बघतेय. सासरे गेले तेव्हा गप्प होते, आणि हे ऑपरेशन झाल्यापासून मधेमधे गप्प होतात. मी बाहेरच्या खोलीतून आवाज बंद झाला की धावत येते. तुम्ही या ना बाहेर. लवकर या."

बाई आल्या. मला आत नेलं नाही. तिथंच, स्टीलच्या खुर्चीपुढे, त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. डोळे मिटा, असंही या वेळी म्हणाल्या नाहीत, ते आपोआप मिटलेले होते. कापूस टेकला तेव्हा मला कळलं की कापसाला दात असतात. मी आवाज केला नाही. माझा पाय मी न सांगता मागे गेला, एवढंच. उजव्या पायाला लावला, काही नाही. पुन्हा डावा, वेगळ्या जागी. पुन्हा उजवा. मग त्यांनी थंड लोखंडी काहीतरी लावलं. ते थंड नव्हतं, जळता निखारा होता. त्या पेनानं माझ्या पायावर बारीक रेघ काढत गेल्या, इथपर्यंत दुखतं, इथून पुढे नाही. पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, अंगठा. खाडीच्या काठासारखी वाकडीतिकडी रेघ.

"किती, काका? दहापैकी?"

मला आकडा सांगता येईना.

"त्यांना सांगता येत नाहीये," ही म्हणाली. "म्हणजे मोठा असणार. तुम्हीच लिहा."

बाई उठल्या, पाण्याचा ग्लास आणि गोळी आणवली आणि तिथंच उभ्या राहून कल्याणला फोन लावला. "हो, बघितलं. रेघ अगदी त्या एका नसेच्या वाटेनं जाते. नाही, हे ठरवून करता येत नाही. करायचा प्रयत्नही झाला होता, तो मी बघितलाय." मग माझ्याकडे एक नजर. "उघडू नका. नसांची करंटची टेस्ट करून घेते आणि परत आले की मणक्याजवळ इंजेक्शन देऊन बघते. तुमची तारीख सोडून द्या."

फोन ठेवल्यावर मी कसंबसं विचारलं, "जाईल?"

"पूर्ण जाईल असं सांगून मी तुमच्यासारखी थाप मारणार नाही," त्या म्हणाल्या. "कमी करू. काही दिवस बरे जातील, काही वाईट. औषध ठरल्या वेळी घ्यायचं, रस्ता बघून नाही. आणि पुढच्या वेळी काका, इस्त्रीचा शर्ट नको. घरच्या अवतारात या. दुमडलेल्या पायजम्यात."

येताना पुलावर ऊन उतरत होतं. मी डावा पाय पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून सीटवर लांब केला होता, पाऊल तिच्या मांडीच्या अलीकडे, तिला लागणार नाही असं. खड्डा आला की ती हात पुढे करायची आणि पावलाला न लावता नुसता वर धरायची, वारा अडवल्यासारखा.

सोसायटीच्या गेटजवळ बाकडं भरलेलं होतं. म्हातारे पायावरच्या रेघेकडे बघू लागले.

"काय रे काका, नकाशा कसला? ठाण्याला मेट्रो इथून जाणार काय?"

मी काही बोललो नाही. ही लिफ्टपाशी पोचली होती. तिनं दार धरून ठेवलं आणि मागे वळून बघत राहिली. लिफ्ट ओरडायला लागली, तरी तिनं दार सोडलं नाही.

"अरे, काय म्हणाल्या डॉक्टर? कापणार का पुन्हा?"

गोळी थोडी लागू पडली होती. थोडीच. मी बाकड्याच्या कडेला, जपून, टेकलो.

"कापतात कसले," मी म्हणालो. "इंजेक्शन देणार. सुई बघितली मी. माजिवड्याला टोचली की टोक कोपरला निघतं. दोन माणसं धरायला लागतात, आणि तिसरा नुसता ट्रॅफिक सांभाळायला."

ती सुई मी अजून स्वप्नातसुद्धा बघितली नव्हती.

"झाला सुरू!" कुणीतरी म्हणालं.

तेव्हा कुठे हिनं लिफ्टचं दार सोडलं. ही एकटीच वर गेली. जरा वेळानं आमच्या खिडकीतून पोह्यांच्या फोडणीचा वास आला.